बावन्नमामाची हजेरी

आमच्या बावन्नमामाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर तो लगेच ओ देत नसे. "शंकर!" अशी हाक आली की तो मान किंचित कलती करून थांबायचा. दुसरं कुणी उत्तर देतंय का, याचा अंदाज घ्यायचा. कुणीच दिलं नाही की मग, "हां, बोला" म्हणायचा. तेच "बावन्न!" म्हणा, झोपेतसुद्धा ताठ उठून बसेल. लहानपणी आम्ही हा प्रयोग त्याच्या दुपारच्या झोपेवर पुष्कळ केला. त्यातला माझा वाटा मोठा होता. आता माझे गुडघे दुखतात ते त्याचंच फळ असावं, असं आई म्हणते.

बावन्न हे त्याच्या फौजी नंबराचे शेवटचे दोन आकडे. पलटणीत एकाच नावाची माणसं ढिगाने. कदम म्हणून हाक मारली तर अर्धी बराक उठायची, म्हणून मग आकड्यांनीच बोलवायचं. त्यातही मामाचं नशीब असं, की त्याच्या तुकडीत नाव आणि आडनाव दोन्ही तंतोतंत तेच असलेला आणखी एक जण होता. हा शंकर कदम बावन्न, तो शंकर कदम एकोणसाठ. मामा परत आला. एकोणसाठ आला नाही.

मामा वर्तकनगरच्या वसाहतीत एकटा राहायचा. फौजेनंतर कोलशेतच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर मुकादम होता, तिथून निवृत्त झाल्यावरही पहाटे दाढी करून, बूट घालून तयार बसायचा. त्याची एक खोड मला मोठी होईपर्यंत कळली नाही, आणि कळली तेव्हा कळली नसती तर बरं, असं वाटलं. घरात शिरताना तो दार मागे लावून घेत नसे. आत यायचा, दोन पावलं बाजूला सरायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग दार लोटायचा. रिक्षातही तो कडेला अंग चोरून बसे. एकदा मी मधे सरकून बसले, तर म्हणाला, "मंजू, इकडे ये. तिथे नको." मी विचारलं नाही. पिशवी मांडीवर घेतली आणि डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत मारुतीचं नाव घेत राहिले. मी एरवी देवाला फारसा त्रास देत नाही.

लग्न त्याने केलं नाही. खरं तर ते त्याचं झालं नाही. तरुणपणी सीमेवरच्या एका बर्फाळ चौकीवरून गावी तार आली की शंकर कदम कामी आले. देह मिळायचा नव्हता. आजोबांनी दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं केलं, तेराव्याला गाव जेवलं. ठरलेली मुलगी दुसरीकडे दिली गेली. आणि मग एके दिवशी सकाळी मामा खांद्याला पट्टी बांधून अंगणात उभा. आई सांगते, आजीने आधी तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. पाय सरळ आहेत याची खात्री पटल्यावर मग हंबरडा फोडला. मामा ही गोष्ट हसत सांगायचा. "माझ्याच तेराव्याला मला उशीर झाला. लाडू संपले होते!" पण त्यानंतर त्याला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. ज्याचं तेरावं झालंय त्याच्या पत्रिकेत गुरुजी बघणार तरी काय?

सगळे हसून झाले की तो कधी कधी पुढे एक वाक्य जोडायचा, आणि ते मात्र न हसता. "माझी बातमी खोटी ठरली ना, त्याच दिवशी दुसऱ्या एका घरातली खरी झाली."

हे सगळं असंच राहिलं असतं. पण काही वर्षांपूर्वी ठाण्यात एका सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार होता. प्रत्येकाचं नाव घेऊन त्याची पदकं वाचून दाखवत होते. मामाची पाळी आली. नुसती दीर्घ सेवेची एक ओळ वाचली आणि शाल दिली. खाली उतरल्यावर मामा टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "त्या चौकीचं राहिलं." टेबलावरचा तरुण कारकून सभ्य होता. त्याने कागद दोनदा पाहिला. "काका, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही तेव्हा तिथे नव्हताच."

मामा शाल घडी करत उभा राहिला. मी म्हटलं, "जाऊ दे ना मामा. आपल्याला माहीत आहे ना?"

"तसं नाही गं. मी नव्हतो, असं लिहिलंय. मग त्याच्याजवळ कोण होतं?"

मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला छातीवर मिरवायला पदकं हवी आहेत. तसं नव्हतंच ते. एकोणसाठ शेवटी एकटा नव्हता, एवढंच त्याला सरकारी अक्षरात हवं होतं. त्याचा तो शब्द ठरलेला होता: हजेरी. "जिवंत माणूस तोंडाने सांगू शकतो. मेलेल्याचं जे लिहिलंय तेच खरं."

घोळ कसा झाला ते त्याने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. चौकीवर मारा झाला तेव्हा मामाच्या उजव्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. कोट रक्ताने भिजून गोठला. एकोणसाठने तो कोट स्वतःच्या अंगावर घेतला आणि आपला कोरडा कोट मामाला घातला. कोटाच्या आत नंबर लिहिलेले. मदतीची तुकडी पोचली तेव्हा मामा बेशुद्ध. कोटावरून त्यांनी ठरवलं, हा एकोणसाठ, जखमी. आणि तो बावन्न, मृत. पुढे इस्पितळात मामाने डोळे उघडून आपला नंबर सांगितला तेव्हा मरणाची नोंद तेवढी बदलली. जखम मात्र एकोणसाठच्याच नावावर राहिली. जखमेचं पदक त्याच्या बायकोकडे गेलं, आणि मामा त्या मोहिमेत कुठेच उरला नाही.

अर्ज अर्थातच मी लिहायचा होता. घरात इंग्रजी कुणाचं चांगलं, तर माझं, असा एक गैरसमज मी कष्टाने जोपासलेला आहे. मी असा काही अर्ज लिहिला की रेकॉर्ड ऑफिसातून उलट विचारणा आली, अर्जदारांचं नेमकं म्हणणं काय ते कळवावं. मामाने तो वाचून घेतला. "यात मी कुठे आहे?" तो म्हणाला. "इथेही नाहीच की मी!" दुसरा अर्ज त्याने मराठीत सांगितला, मी नुसता उतरवून घेतला. तो पोचला. उत्तर आलं: पदक दुसऱ्याच्या नावावर असल्याने त्यांच्या पत्नीचं लेखी निवेदन जोडावं.

"आता त्या बाईंना कुठे शोधायचं?" मी म्हटलं.

"बाळकुमला," मामा म्हणाला. इतक्या सहज, की मी त्याच्याकडे बघतच राहिले. कारखान्यात होता तेव्हा रोज बसने बाळकुमवरून जायचा. उतरला मात्र कधी नव्हता.

आम्ही एका दुपारी गेलो. जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधला वरचा मजला. दारावर पितळी पाटी होती: शंकर कदम. मामा त्या पाटीसमोर उभा राहिला. स्वतःचं नाव इतक्या जवळून, परक्या दारावर. बेल मीच वाजवली.

दार उघडलं ते एकोणसाठच्या बायकोनेच. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या वहिनी. मुलगा-सून कामावर गेलेली. त्यांनी मामाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"या," म्हणाल्या. "फार उशीर केलात भाऊजी."

आम्ही आत आलो. मामा दोन पावलं बाजूला सरला. दार लावायला त्याही पुढे झाल्या नाहीत. दोघं जण उघड्या दाराकडे बघत उभी, आणि मधे मी, हातात निवेदनाचा मसुदा आणि मोसंबी. शेवटी वहिनींनीच दार लोटलं आणि जणू काही झालंच नाही, अशा आवाजात म्हणाल्या, "चहा की सरबत?"

भिंतीवर एकोणसाठचा फोटो होता. कोवळा पोरगा. खाली काचेच्या चौकटीत दोन पदकं. त्यातलं एक पालथं होतं, पाठ आमच्याकडे.

"ते का उलटं?" मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही.

"मी सुलटं करते," त्या म्हणाल्या. "ते फिरतं. सून म्हणते, पंख्याचा वारा. चौकटीला काच आहे बाई, वारा कुठून जाणार? आधी वाटायचं, दोरा पिळलाय. दोरा बदलला. मग मी फोटोकडे बघून त्यांनाच म्हटलं, तुमचं नसेल तर ज्याचं आहे त्याला आणा, बघू."

माझ्या हातातलं सरबत मी खाली ठेवलं. मामाने मात्र मान डोलावली, सरबतात साखर जास्त झाली असं कुणी सांगावं तशी.

मसुदा वाचून दाखवायची वेळच आली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. मग चष्मा काढून मामाला विचारलं, "इतकी वर्षं आम्हाला सांगितलं, जखमी होऊन गेले. जखम तुमची. मग ते कशाने गेले?"

"थंडीने," मामा एवढंच म्हणाला. "बाकीचं सांगेन. आधी नोंद होऊ दे. आत्ता सांगितलं तर तुम्ही विचाराल, तुम्ही तिथे होतात कशावरून."

"मी नाही विचारणार."

"मी विचारतो ना वहिनी, स्वतःला. रोज."

तिथून पुढे फक्त वाट बघणं होतं. कागद जात होते, येत होते. कुणी वाईट वागलं नाही. माणसं बदलत, टेबलं बदलत, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागे. मामा मात्र उतरत चालला. अन्न कमी झालं. फोनवर तो एकच विचारायचा, "लागली का?" हजेरी लागली का. आणि मी एखाद्या नापास पोराच्या आईसारखी, "लागेल मामा, लागेल," म्हणायची. मनात धाकधूक एकच होती: मामा आधी गेला तर त्याचं आणि एकोणसाठचं जे काय व्हायचं ते होईल, पण बाळकुमच्या त्या बाई त्या प्रश्नासकट राहतील.

पत्र आलं तेव्हा मामाला पलंगावरून उठवत नव्हतं. मी वाचून दाखवलं. सदर कालावधीत सदर चौकीवर उपस्थित. जखमी. मोहिमेच्या व जखमेच्या, दोन्ही पदकांची नोंद सेवापुस्तकात घेण्यात येत आहे. मामाने मला 'उपस्थित' हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "वहिनींना बोलाव."

त्या रिक्षाने आल्या. पदक रुमालात बांधून आणलं होतं, ते मामाच्या उशाशी ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मी उठायला लागले, तर मामा म्हणाला, "बस. कुणीतरी ऐकलेलं असू दे."

बाहेर वसाहतीत कुणाचं तरी भाजीवाल्याशी भांडण चाललं होतं. मामा छताकडे बघत बोलत होता. "सकाळी मारा झाला. मग बर्फ. सगळं पांढरं, हात पुढे केला तर दिसेना. माझा उजवा हात गेलेला, डाव्याची बोटं लाकडासारखी. तो मला टेकून बसला. दिवसभर बोलत होता. तुमच्याबद्दल, गावाबद्दल. मी झोपायला लागलो की मला नंबराने हाक मारायचा. दुपारनंतर कधीतरी त्याने कोट बदलला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, गप बस. संध्याकाळी माणसं आली. डॉक्टर माझ्यासमोर बोलले. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही. म्हणाले, हा सकाळीच गेलाय. पहिल्या तासाभरातच."

वहिनींनी उशाजवळचा रुमाल सारखा केला.

"मी कुणाला बोललो नाही. वेड लागलंय म्हणाले असते. मी स्वतःलाही समजावलं, कोट मीच बदलला असेन, भ्रमात. पण वहिनी, त्या कोटाला बटणं होती. माझे दोन्ही हात गेलेले. इस्पितळात कोट कापून काढला तेव्हा बटणं लावलेली होती. ती कुणी लावली?"

बाहेरचं भांडण मिटलं होतं. मला घाबरायला हवं होतं, आणि भित्रेपणात मी तरबेज आहे. पण तेव्हा मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या पुढे वाकल्या. नवीन लग्न झालेल्या मुलीने शेजारणीला काही खाजगी विचारावं, तसा आवाज.

"भाऊजी, बटणं वरून खाली लावली, की खालून वर?"

मामाने डोळे मिटले. त्याचा डावा हात पोटावरून हळूहळू वर सरकत गळ्यापाशी आला.

"खालून."

"तेच," वहिनी म्हणाल्या. "कितीदा सांगितलं होतं, खालून लावायला घेतलं की वर एक हुकतं."

"हुकलंच होतं," मामा म्हणाला. "गळ्याशी एक उरलं होतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत असं वाटून मी पाणी आणायला उठले. दारातून वळून पाहिलं, तर त्या हसत होत्या, आणि बावन्नमामाही हसत होता. घरातला वेंधळा माणूस समोर बसलेला असावा आणि दोघांनी मिळून त्याला हसावं, तसे.