कोंढ्याहून बटण दाबणारा कुंदन

कुंदन हेडाऊ भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात सर्व्हर सांभाळायचा, आणि सांभाळायचा त्याहून जास्त मिरवायचा. शहापूरच्या घरून रोज ऑफिसात येणं त्याला कमीपणाचं वाटे. "कारकुनायनं यावं. माझं काम त घरून होते," असं तो चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचा. घरून कामाची परवानगी मिळावी, एवढं एकच ध्येय या महापुरुषानं आयुष्यात बाळगलं होतं.

सर्व्हरच्या आत एक छोटं यंत्र होतं. सर्व्हर बंद असला तरी ते जागं राही. दुरून त्यात लॉगिन केलं की सर्व्हर सुरू करता येई. त्या यंत्राचं स्वतःचं एक साधं खातं होतं. त्याचा पासवर्ड कुंदनला ठाऊक आणि सोबत काम करणाऱ्या तृप्तीलाही. तेच त्याला खुपलं. सगळ्या कर्मचाऱ्यांची खाती ज्या डिरेक्टरीत होती, तिला त्यानं यंत्र जोडलं, आत शिरायची मुभा फक्त स्वतःला ठेवली आणि जुनं खातं पुसून टाकलं.

"कुंदनभाऊ, ते एक खातं राहू द्या नं," तृप्ती म्हणाली. "डिरेक्टरी त्याच सर्व्हरवर हाय."

"तू मले शिकवून राहिली का?"

मग स्वारी सासुरवाडीला, कोंढ्याला गेली. कोणी हात लावू नये म्हणून सर्व्हरच्या खोलीची किल्लीही खिशात. दुपारी मालक डॉक्टरांना फोनवर घेऊन त्यानं ऐटीत सर्व्हर बंद केला. "आता पाहा सर, इथूनच चालू करतो."

यंत्रानं त्याचं नाव विचारलं आणि ते खरं की खोटं हे डिरेक्टरीला विचारायला गेलं. डिरेक्टरी बंद सर्व्हरमध्ये निपचित. लॉगिन नाकारलं. पुन्हा नाकारलं. सासऱ्यांसमोरच जावयानं घाईघाईनं दवाखान्यात तृप्तीला फोन लावला.

"तृप्ती, तू बटण दाब नं," तो गयावया करू लागला.

"कशी दाबू? किल्ली तुमच्या खिशात हाय."

सासऱ्यांची मोटारसायकल मागून तो धावत भंडाऱ्याला आला. दवाखान्यात पेशंटची रांग दारापर्यंत, बिलं हातानं लिहिणं चालू. सगळ्यांदेखत त्यानं खोली उघडली आणि बोटानं बटण दाबलं. झालं, एवढंच काम होतं.

"तुमचं टेबल आता इथंच लावू," डॉक्टर म्हणाले.

हल्ली कुंदन भर उन्हाळ्यात स्वेटर घालून त्या थंडगार खोलीत बसतो. घरून लॉगिन तृप्ती करते.