मी दगड उचलला नाही

मोहाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा माझा एक आवडता तास होता, घुबडाचा. फळ्यावर खडूने घुबड काढायचं, ते धानातले उंदीर खातं म्हणून शेतकऱ्याचा मित्र आहे हे सांगायचं, आणि मग गावातल्या समजुतींची यथेच्छ टिंगल करायची. त्यातली एक पोरांना फार आवडे. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नदीत टाकतं, आणि पाण्यात दगड झिजत जातो तसा मारणाराही झिजत जातो. "नदीतल्या दगडाला काय ठाऊक, मारणारा कोण ते?" असं मी विचारलं की वर्ग खो खो हसायचा. सत्तरच्या दशकाचा काळ, नवी नोकरी, नवं लग्न, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

त्या वर्षी बायकोला आठवा महिना होता. लागोपाठ तीन संध्याकाळी एक घुबड आमच्या कौलांवर येऊन चिरकलं. तिसऱ्या दिवशी ती रडायलाच लागली. "तुम्ही काही मानत नाही, पण मले भेव लागते. हाकला ना त्याले!"

खरं सांगायचं तर मी तिच्याहून जास्त घाबरलो होतो. अंगणात जाऊन दगडासाठी वाकलो. बोटं दगडाला लागली आणि मी हात मागे घेतला. शेजारी सरपणाचा ढीग होता. त्यातलं एक लाकूड घेतलं आणि फेकलं. नुसतं हाकलायचं होतं, असं पुढे कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं. पण मी नेम धरला होता.

घुबड शेजारच्या आवारात पडलं. मी घरात येऊन "उडालं" म्हणालो.

सकाळी शेजारची मुलगी दारात उभी. माझ्याच सातवीच्या वर्गातली. तिच्या टोपलीत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते घुबड होतं. "गुरुजी, कोनं तरी मारलं याले. तुमीच सांगतलं होतं ना, हे आपलं दोस्त आहे म्हून." घरच्यांनी टोपलीला हात लावायला नकार दिला होता, हिने एकटीनेच ऐकलं नव्हतं. मी तिची पाठ थोपटली. कारध्याला गुरांच्या दवाखान्यातले एक निवृत्त कंपाउंडर जखमी पक्षी सांभाळतात असं ऐकून होतो. तिच्या वडिलांची समजूत घालून टोपली तिकडे पाठवली, आणि वर वर्गात तिचं कौतुकही केलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तोही असा वाढला.

महिन्याभराने आम्हाला मुलगा झाला, धडधाकट. त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझ्या मनात काय यावं? बरं झालं, दगड नाही मारला. आजही ते आठवलं की माझीच मला किळस येते.

पुढे त्या मुलीच्या हट्टामुळे दहा-बारा पोरांना घेऊन मी कारध्याला गेलो. भंडाऱ्याला एसटीतून उतरून, पूल ओलांडून. कंपाउंडरांच्या घरामागे गुरांचा जुना कोठा होता. त्यात एका पंखाची घार होती, लंगडा शिकरा होता, आणि कोपऱ्यातल्या दांडीवर आमचं घुबड. कंपाउंडरांनी त्याला एक उंदीर दिला. त्याने तो चोचीत घेतला आणि सावकाश गिळला.

"हे कधी उडन?" मुलीने विचारलं.

"आता नाही उडत, बाई. हाड वाकडं जुळलं. जखमेतून लाकडाची ढलपी काढली मी." मग ते माझ्याकडे वळून हसले. "मारनारा मोठा हुशार होता, मास्तर. दगड मारायले भेला असन, म्हून लाकूड मारलं."

पोरं हसली, अगदी माझ्या तासाला हसत तशीच. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

ती मुलगी मात्र हसली नाही. घुबडाकडे बघत म्हणाली, "मारनाऱ्याले तुमच्यासारखे गुरुजी भेटले नसतीन."

मी मान डोलावली.