यारित्साची ओळ
क्लेर्विल मास्तर आमच्या ताल्का शहरात आले ते हैतीहून. तिकडे ते बँडसाठी चाली बांधायचे, इथे आठवडाभर सफरचंदांच्या पेट्या भरायचे. शनिवारी मात्र ते कोर्टाने घरातून काढलेल्या मुलांच्या वसतिगृहात गाणं शिकवायला येत. तिथली विजेची आणि किरकोळ दुरुस्तीची कामं माझ्याकडे होती.

त्यांची गाणी मुलांच्या बोलण्यातूनच निघत. 'न्हाणीला आतून कडी द्या' हे गाणं मुलांनी महापौरांसमोर इतकं खणखणीत म्हटलं, की लगेच कड्या बसवायला मला बोलावणं आलं.

पण मुलं टिकत नसत. कोर्टाचा हुकूम आला की गाडी यायची, आणि मूल दुसऱ्या गावी. म्हणून मास्तर गाणं असं बांधत, की कुठलाही आवाज गळाला तरी ते लंगडू नये. मला ही जोडणी फार आवडायची. एक दिवा गेला तरी बाकीचे चालू.

यारित्साला ती आवडली नाही. नऊ वर्षांची पोर, तिला दक्षिणेकडच्या एका कुटुंबात पाठवायचं ठरलं होतं. त्या शनिवारी तिने नुसते ओठ हलवले. गाणं संपलं, टाळ्या झाल्या.

"मास्तर, मी गायलेच नाही. कळलं तरी का?"

"मला कळलं."

"गाण्याला कुठे कळलं? मी गेले काय, राहिले काय, तुमचं गाणं आपलं मजेत!"

"आल्या रुसूबाई!" मुलांच्या चहासाठी पाव कापता कापता वसतिगृहाच्या स्वयंपाकीण नेल्दा मावशी हसल्या. "एवढी पोरं आहेत इथे. तुझ्यावाचून काय अडणारेय?"

"तेच तर म्हणतेय मी," यारित्सा म्हणाली, आणि चहाला आलीच नाही.

शिकवणी आटोपून मास्तर घरी निघाले. त्यांच्या खोलीतला दिवा बिघडला होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. कुलूप काढून ते उंबऱ्याबाहेर थांबले आणि अंधाऱ्या खोलीला मोठ्याने म्हणाले, "मान!"

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. आमच्याकडे दारात येणारा 'मान' म्हणतो, आतलं माणूस 'आदर' म्हणतं. मगच पाऊल आत. सवय जात नाही."

"मग थांबलात कशाला?"

"उत्तराला वेळ नको द्यायला?"

पुढच्या शनिवारी त्यांनी नवं गाणं आणलं. सुरुवातीला मास्तर हाक देणार, "मान!" यारित्साने एकटीने गायचं, "आदर!" मग बाकीच्यांनी आत यायचं.

"अहो, ती मंगळवारी चालली," मावशी कुजबुजल्या. "मग?"

"मग अडेल."

यारित्साने ऐकलं. "दुसऱ्या कुणाला नाही ना देणार माझी ओळ?"

"नाही."

तेव्हा ती अशी गायली, की खिडकीची सैल काच थरथरली.

मंगळवारी ती गेली. वसंतात मुलं चौकात गायला उभी राहिली. मास्तरांनी हाक दिली, "मान!" नंतर काहीच नाही. बाकावरची एक बाई ओरडली, "अरे, ओळ विसरली वाटतं पोरं! सांगा कुणीतरी!" एक नवा पोरगा तोंड उघडणार, तोच शेजारच्या मुलीने त्याची बाही ओढली. सगळा चौक अवघडून गप्प झाला. मास्तरांचा हात वरच होता, त्या दिवशी ते खोलीच्या दारात थांबले होते तेवढाच वेळ. मग तो खाली आला आणि मुलं गायली.

कार्यक्रमानंतर ती बाई मला विचारत आली, "कुणाची होती हो ती ओळ?"

मी नाव सांगितलं. मास्तरांना बोलवावं म्हणून वळलो, तर ते एकटेच आपल्या रिकाम्या खोलीकडे निघाले होते.