हरणासाठीची खुर्ची, खजुराच्या झाडावर

१७ जुलै १९९७, गुरुवार. काम: फुजैरातल्या व्हिलाचं गॅरेज रिकामं करणं.

अमेरिकन इंजिनिअर साहेब नोकरी संपवून कायमचे घरी गेले होते. कंपनीची भाड्याची घरं, त्यांच्या चाव्या आणि पाण्याची बिलं हे ऑफिसात माझ्याकडे असायचं, म्हणून गॅरेजही माझ्याकडेच आलं. साहेब जाताना म्हणाले होते, उरेल ते वाटून टाका. शुक्रवारी सकाळी घराचा मालक ताबा घ्यायला येणार होता. त्याला आम्ही सगळेच अरबाब म्हणायचो.

मदतीला व्हिलाचा माळी होता. मालवणकडचा, पन्नाशीला आलेला. माझ्या नवऱ्याचा जुना ओळखीचा, म्हणून मला मॅडम न म्हणता वैनी म्हणायचा. आम्ही खोकी बांधत होतो आणि कपाटामागून ते निघालं: लोखंडी पट्ट्यांच्या दोन चौकटी, प्रत्येकीला एक लांब वळवलेला दांडा, एकीला कापडी बैठक, दुसरीला रबरी पट्टे.

"ह्या काय वैनी? खाट मोडलेली?"

"व्यायामाचं असेल काहीतरी."

"व्यायाम? साहेबाचा पोट बघलास मां?"

सोबत एक पुस्तिका होती. वर फोटो: पानापानांचे कपडे घातलेला गोरा माणूस उंच झाडावर खुर्चीत बसलेला, मांडीवर बंदूक, खाली हरीण. मी दोनदा वाचलं. हरणाच्या शिकारीसाठी झाडावर चढायची खुर्ची. ज्या आखाती देशात शिकारीला बंदी आणि रानच नाही, तिथे साहेबांनी ही कशाला आणली असेल, ते मला आजही कळलेलं नाही.

"हरणाक मारूक झाडार बसतत? नि हरीण वर बघना नाय?"

"नाही बघत म्हणे."

"मगे हरीण खुळां."

मी ते वाटायच्या ढिगात टाकलं. त्याने ते परत उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाला, "वैनी, ह्येच्यात पाय अडकवचे आसत. म्हणजे बोटां लागणत नाय."

मला लगेच कळलं तो काय म्हणतोय. कंपनीने व्हिला सोडला म्हणजे त्याचा कंपनीचा व्हिसाही महिनाअखेर संपणार होता. अरबाब त्याला आपल्याकडे घ्यायला तयार होता, पण एका अटीवर: बागेतली खजुराची झाडं त्याने सांभाळली पाहिजेत, म्हणजे वर चढून घड उतरवले पाहिजेत. शुक्रवारी चढून दाखवायचं ठरलं होतं. ह्याने छातीठोकपणे हो सांगितलं होतं. तरुणपणी त्याने गावी शेकड्यांनी माड चढले होते, ते खोटं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी साइटवर पाइप पडून त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली होती. बोटांनी खोडाला धरता आलं नाही तर चढणारा माणूस घसरतो. बारा महिने बूट घालून त्याने ते सगळ्यांपासून लपवलं होतं. माझ्या नवऱ्यानेच त्याला तेव्हा हॉस्पिटलात नेलं होतं, म्हणून मला माहीत.

"अरबाबला खरं सांग ना," मी म्हटलं.

"सांगतंय. मगे तो म्हणतलो खलास. धाकटा बारावीक आसा वैनी."

मला ठरवता येईना. हो म्हणावं तर पडेल, नको म्हणावं तर विमानात बसेल. शेवटी मी म्हटलं, आधी करून बघू. पाच वाजले होते, ऊन उतरलं नव्हतं, पण मालकाच्या नजरेपुढे पहिल्यांदा करण्यापेक्षा ते बरं होतं.

पुस्तिका मी वाचायची, त्याने करायचं. दांडा खोडाभोवती घालून चौकटीत अडकवायचा. बैठकीवर बसायचं, पायांनी खालची चौकट उचलायची, ती खोडाला रुतवून तिच्यावर उभं राहायचं, मग वरची उचलायची. सुरवंट चालतो तसं. वजन पडलं की चौकट आपोआप खोड धरते. मला हे अजिबात पटत नव्हतं. आपल्याच वजनाने आपण वर राहतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

"कमरेचा पट्टा खोडाला बांध," मी म्हटलं.

"माडावर कोण पट्टो बांधता?"

"हा माड नाही. बांध."

त्याने बांधला. तीसेक फुटांचं जुनं झाड होतं, खालचे झावळ्यांचे खुंट झिजून गेलेले. तो चढू लागला. एक फूट, दोन फूट. मधेच चौकट एखाद्या खुंटात अडकायची, तो शिव्या द्यायचा, सोडवायचा. दहा फुटांवर मी पहिल्यांदा श्वास सोडला आणि तेवढ्यात खालची चौकट धाडकन माझ्या पायांशी येऊन पडली. तो पट्ट्याला आणि बैठकीला लटकत राहिला.

वर पाहिलं तर पाय उघडे. चढायच्या आधी त्याने बूट काढून झाडाच्या बुंध्याशी जोडीने ठेवले होते. मी ते पाहिलेही होते आणि मला काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे झाडावर पायताण घालून कोण चढतं? रबरी पट्टे जाड बुटांसाठी केलेले, दोन बोटांचा घामेजलेला पाय त्यातून सुळकन निघाला.

"वैनी, आता?"

"आता हलू नकोस."

पुस्तिकेत शोधलं. होतं. दोन्ही चौकटी दोरीने एकमेकींना बांधा, म्हणजे खालची निसटली तरी ओढून घेता येते. दोरी सोबत दिली आहे. ती हिरवी दोरी मी दुपारीच प्लेट्सच्या खोक्याला बांधली होती. मला वाटलं, सामान न्यायची असेल.

गॅरेजची आठ फुटी शिडी आणून लावली. एक हात त्याच्या घोट्याला, एक शिडीला, असं करत त्याला उतरवलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. तो बुटांपाशी बसून राहिला.

"उद्या सांगतंय त्येका खरां," तो म्हणाला. "जातंय घरी."

माझ्यामुळे माणूस जवळजवळ मेला होता. दोरी माझ्याच हातून गेली होती. पण खुर्चीचा दोष नव्हता, हेही दिसत होतं. ह्या दोन्हींतून काय निघतं ते मला घरी जाऊन, भात लावून, जेवूनही कळलं नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तूच ठरव, तू तिथे होतीस." ते काही उत्तर नव्हे.

शुक्रवारी सकाळी सहाला मी व्हिलावर पोचले. प्लेट्सच्या खोक्याची दोरी सोडून दोन्ही चौकटी बांधल्या. त्याला जाड मोज्यांवर बूट घालायला लावले, पट्टे स्वतः आवळले, आणि चार फुटांपर्यंत तीनदा चढ-उतर करून घेतली. तिसऱ्यांदा तो स्वतःहून हसला. पट्टा मी बांधला.

अरबाब सातला आला. पांढरी गाडी, पांढरा झगा, हातात चहाचा कागदी कप.

"मॅडम, ये क्या है?"

"कुर्सी है, अरबाब. इसके पैर में तीन उंगली नहीं है, कंपनी के काम में गई. इसलिए कुर्सी पे चढ़ता है."

माळ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला विकलंच होतं. अरबाबने बुटांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला.

"कुर्सी पे? यल्ला, दिखाओ."

तो चढला. सावकाश, दर फुटाला थांबत, शिव्या मात्र मनातल्या मनात. वरून पहिला पिवळा घड दोरीने खाली आला तेव्हा अरबाबने एक खजूर तोडून खाल्ला आणि मान हलवली. मी व्हिसाचा अर्ज त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि माळी वर असतानाच सही घेतली. उतरायला त्याला अर्धा तास लागणार होता, आणि तेवढा वेळ उन्हात उभं राहून अरबाबने विचार बदलावा, अशी माझी इच्छा नव्हती.