आक्काताईंशेजारची जागा

संयोगिताने कॉलेजात नाव घातलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, आणि घरातल्या कुणाच्याही लेखी ती कॉलेजला जात नव्हती. ती शिवांजलीबरोबर जात होती.

शिवांजली तिची मुलगी, अठराची. तिला तासगावला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. गावापासून तासगाव अकरा किलोमीटर. आजोबा लालासाहेबांनी एकच अट घातली, पोरगी एकटी एसटीने जायची नाही. बाप नाथाजी फौजेत, सिक्कीमला. म्हणून आईने सोबत जायचं ठरलं. फॉर्म भरायला लालासाहेब स्वतः आले होते. गेटाजवळच्या कट्ट्याकडे बघून ते सुनेला म्हणाले, "दिवसभर हितं बसून काय करशील? तू बी भर की एक फॉर्म. वर्गात पंखा तरी हाय."

बारावीला तिला एकाहत्तर टक्के होते. निकालाच्या आधीच लग्न झालं होतं. गुणपत्रिका माहेरच्या ट्रंकेत वीस वर्षं पडून होती. ती आणवली आणि तिने बी.ए.ला नाव घातलं.

वर्गातली मुलं तिला काकू म्हणत. दोन प्राध्यापक तिच्याहून लहान होते. पहिल्याच आठवड्यात शिवांजलीने बजावलं, "आई, कँटीनमध्ये माझ्या टेबलावर येऊ नको. आणि डबा घेऊन तर अजिबात हुडकत येऊ नको." सप्टेंबरात अर्थशास्त्राच्या चाचणीत आईला वीसपैकी अठरा पडले. शिवांजलीने तो पेपर पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "मला फिजिक्सला तेरा आहेत. कुणाला सांगू नको."

ते अठरा गुण संयोगिताने घरी जेवताना सांगितले. लालासाहेब हसले. "तुजी बी परीक्षा घेत्यात व्हय? लय गंमत हाय." सासू लीलाबाईंनी भाकरी मोडता मोडता खुलासा केला, "वर्गात बसती म्हणून घ्येत असतील."

त्यानंतर तिने घरात 'माझा पेपर' हे शब्द उच्चारले नाहीत. जादा तास असो, ग्रंथालय असो, परीक्षेचा अर्ज असो, जे काही तिचं होतं ते तिने शिवांजलीच्या नावावर खपवलं. दोन महिने हे बिनबोभाट चाललं.

नोव्हेंबरात परीक्षा सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेजारच्या घरातले नानासो गेले. ते लालासाहेबांचे चुलतभाऊ, भावकीत वयाने सगळ्यांत मोठे. या भावकीत एक रीत आहे. माणूस गेला की दहाव्यापर्यंत प्रत्येक घरातली एक सून विधवेजवळ बसते. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच रडत आत येतात, विधवा पुन्हा रडते, तिला सावरायचं, पाणी द्यायचं आणि पुढच्या पाहुण्यांची वाट बघायची. कुठल्या घरची सून बसली नाही हे पाहुणे गावी जाऊन सांगतात. लालासाहेबांच्या घरात सून एकच.

सोमवारी दोघींचाही पेपर होता, तेव्हा प्रश्न आला नाही. लीलाबाई सुनेच्या जागी बसल्या. मंगळवार मात्र तिसरा दिवस. पुरुष रक्षाविसर्जनाला जाणार, बाहेरगावचे पाहुणे येणार, लीलाबाईंना त्यांचं बघायचं होतं. आणि मंगळवारी अकरा वाजता संयोगिताचा अर्थशास्त्राचा पेपर होता. शिवांजलीचा नव्हता.

"मी सांगते की माझा पेपर आहे," शिवांजली सोमवारी संध्याकाळी गोठ्यामागे म्हणाली. "मग तुला यायलाच लागेल."

"खोटं बोलायचं? सुतकात?"

"आजोबांना काय टाइमटेबल पाठ आहे?"

सकाळी नानासोंच्या अंगणात भावकीतले तीसेक पुरुष जमले होते. शिवांजली पाठीला बॅग लावून आजोबांसमोर उभी राहिली. दोघींची हॉल तिकिटं एकाच प्लॅस्टिकच्या फायलीत, तिच्या बॅगेत होती. संयोगिता चार पावलं मागे, पायात चप्पल घालून तयार.

"पेपर हाय म्हणजे जायलाच पायजे," लालासाहेब म्हणाले. "पोरीचं वर्ष कशाला घालवायचं?" मग त्यांनी पुण्याहून आलेल्या पुतण्याला हाक मारली. "यशराज, गाडी काढ. हिला कॉलेजात सोड आणि पेपर सुटंस्तवर तितंच थांब." आणि सुनेकडे वळून, मायेनेच म्हणाले, "तुजी बी दगदग वाचली."

शिवांजलीने आईकडे पाहिलं. आता खरं सांगितलं असतं तर तीस माणसांसमोर नात खोटारडी ठरली असती, तेही रक्षेला निघताना. संयोगिताने मान हलवली, जा म्हणून. मोटारसायकल गेली. जिचा पेपर नव्हता ती पेपरला गेली, आणि जिचा होता तिचं हॉल तिकीटही बरोबर घेऊन गेली.

संयोगिताने चप्पल काढली, पदर घेतला आणि आक्काताईंशेजारी जाऊन बसली.

आक्काताई म्हणजे नानासोंची बायको, बहात्तरच्या. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. साडेदहाला विट्याच्या बायका आल्या. त्या गेल्या तेव्हा अकराला पाच कमी होते. अकराला सांगलीहून नानासोंची मेहुणी आली. तिने बराच वेळ आक्काताईंना मिठी सोडली नाही. अर्ध्या तासानंतर परीक्षेला आत घेत नाहीत. मागणीचा नियम आणि त्याचे अपवाद संयोगिताला उलटसुलट पाठ होते. ते ती मनात म्हणत राहिली, अकरा तीसपर्यंत. मग थांबली.

"घड्याळाकडं का बघतीस सारकी?" आक्काताईंनी हळूच विचारलं.

"न्हाई, उगंच."

"मला बी कवा उठीन असं झालंय. पायाला मुंग्या आल्यात. पर उठलं की म्हणतील, म्हातारीला दुःख न्हाई."

संयोगिताने त्यांचे पाय हलकेच चेपले. "आक्काताई, आज पेपर व्हता."

"पोरगी गेली की."

"तिचा न्हवता. माझा व्हता."

आक्काताईंनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुजा? आन् तू हितं काय करतीस?" याचं उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. दारात पाहुणे दिसले आणि त्या पुन्हा रडू लागल्या.

तासगावला शिवांजली दुपारपर्यंत परीक्षेच्या हॉलबाहेर बसून होती. यशराज गेटावर होता, त्यामुळे तिला तिथूनही हलता येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शुक्रवारच्या पेपरचंही आक्काताईंनी संयोगिताकडून काढून घेतलं होतं. लालासाहेब येऊन बसले तेव्हा त्या बोलल्या. दहाव्यापर्यंत विधवेचा शब्द कुणी मोडत नाही, एवढी एक सोय या रीतीत आहे. "भावजी, शुक्रवारी हिचा पेपर हाय. आजचा हितं बसून बुडला. शुक्रवारी हिला जाऊ द्या."

"हिचा?" लालासाहेबांनी सुनेकडे पाहिलं. "मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का, मामा?"

लालासाहेबांनी पायातली धूळ झटकली. म्हणाले, "जागा रिकामी ठेवता येत न्हाई. शुक्रवारी कराडचं पाहुणं हाईत."

"पोरगी बसंल की," लीलाबाई दारातून म्हणाल्या. "तिला काय, सुट्टीच हाय त्या दिवशी."

सुट्टी होती. पण शनिवारी शिवांजलीचा रसायनशास्त्राचा पेपर होता आणि तिचे दोन धडे राहिले होते. हे फक्त मायलेकींना माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी शिवांजली पंजाबी ड्रेसवर जाऊन आक्काताईंशेजारी बसली. पुस्तक मांडीखाली होतं. लीलाबाईंनी ते काढून कोनाड्यात ठेवलं. "लोक बघत्यात. वढनी घे डोक्यावर." तिने घेतली.

"मी न्हाई जात," संयोगिता म्हणाली.

"जा गं. एसटी जाईल."

ती गेली. पोरीने एकटीने जायचं नाही हा नियम होता. आईने जावं की नाही याचा कुणी विचारच केलेला नव्हता. एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. हॉलमध्ये हजेरीचा कागद समोर आला. मंगळवारच्या रकान्यात लाल शाईने 'गैरहजर' लिहिलेलं होतं. तो पेपर आता एप्रिलमध्ये, बेदाण्याच्या हंगामात, आणि तेव्हा घरातून निघायला काय कारण सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. खालच्या रकान्यात तिने सही केली आणि समाजशास्त्राचा पेपर शेवटच्या घंटेपर्यंत लिहिला.

तीन वाजता ती थेट आक्काताईंकडे आली. शिवांजली तिथेच होती. ओढणी तशीच, पाठ भिंतीला टेकलेली. संयोगिताने हातपाय धुतले, पदर घेतला आणि म्हणाली, "ऊठ. दोन धडे हाईत तुझे." शिवांजली उठली, कोनाड्यातलं पुस्तक घेतलं आणि आईकडे न बघता गेली. संयोगिता तिच्या जागी बसली. सतरंजी कोमट होती.

आक्काताई तिच्याकडे झुकल्या. "सोपा व्हता का?"

ती सांगणार एवढ्यात दारात कराडच्या बायका आल्या, आणि दोघींनी पदर पुढे ओढला.