वसूच्या मनगटावरचं रेशीम

फोन आला तेव्हा आई वसूच्या वाटणीची भाकरी फडक्यात गुंडाळत होती. माझी धाकटी बहीण वसुधा प्रयोगशाळेत काम करता करता कोसळली होती, मेंदूत रक्तस्राव, जागीच गेली. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी ती संध्याकाळी आली, ती रुग्णवाहिकेतून...

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. रेशमाच्या कोषातलं प्रथिन काढून काचेवर वाळवायचं. त्याचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा होतो, पण ठिसूळ. त्यात कार्बनच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या मिसळल्या की तो काळपट नि चिवट होतो, त्यातून वीजही वाहते. यातूनच एक दिवस दुखावलेल्या हृदयाला ठिगळ लावायचं, हा तिचा ध्यास. "म्हणजे तू शिंपीणच की," मी चिडवायची. चाचणीसाठी त्याची एक पट्टी मनगटावर चिकटवूनच ती घरी यायची. फोनवर नाडीची रेघ उमटायची आणि आई ती मालिका बघावी तशी बघत बसायची. देवघरात घड्याळ काढायला लावणारी आई या पट्टीला मात्र काही म्हणायची नाही. "रेशीम हाय ते, सोवळ्यात चालतं."

म्हणून शेवटच्या अंघोळीलाही ती पट्टी कुणी काढली नाही. ऊन पाणी ओतलं, वाफ आली, आणि पट्टीची सुटलेली कड हलली. थांबली. पुन्हा हलली... "थांबा! नाडी चालू हाय तिची!" आई ओरडली. बायकांनी तांबे खाली ठेवले. खरं सांगते, मीही वाकून वसूच्या नाकाशी हात धरला. शेजारचे डॉक्टर पुन्हा तपासून गेले, तरी आई तिला न्यायला देईना. शेवटी वसूची सहकारी श्रावणी पुढे झाली. "नाडी नक्को समझो आंटी, भाप से हिलरा वो," असं रडत म्हणत तिने पट्टी सोडवली.

आता ती देवघरात, काचेच्या डबीत असते. आई रोज झाकण काढून, अगदी जवळ जाऊन "वसू" म्हणते. श्वासाची वाफ लागते, कड उचलते. "ओ देती हाय ती," असं आई शेजारणींना सांगू लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. परवा तिला समोर बसवलं, नाकातोंडावर पदर धरायला लावला, स्वतः ओढणी धरली. "आता बघ." पट्टी निपचित पडून राहिली. आई बराच वेळ बघत होती. मग पदराआडून म्हणाली, "झोपली वाटतं."

मला ते सहन होईना. ओढणी बाजूला करून मी डबीवर वाकले.

"वसू, ऊठ गं..."

ती हलली.