तांदळात लिहिलेलं नाव

आजही कोणी सहज माझं नाव विचारलं, की ती घटना आठवते. शिपाई म्हणून भरती झालो आणि एसआय, म्हणजे फौजदार, म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, कापसाच्या गाड्या अडवणाऱ्या टोळ्या पाहिल्या. पण ज्या प्रकरणानं मला माझीच लाज वाटायला लावली आणि थक्कही केलं, त्यात रक्त नव्हतं की चोरी नव्हती. एक बाई होती, एक हॉल तिकीट होतं आणि दोन नावं होती. ती दोन्ही नावं मी इथं बदलली आहेत. म्हणजे त्या बाईला आता मीही आणखी दोन नावं दिली. तिनं हे वाचलं तर हसेल.

मी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठच्या एका मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या तालुक्याच्या, ठाण्यात होतो. नदीच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. सोयरिकी मात्र नदीला विचारून होत नाहीत, त्यामुळे अलीकडच्या निम्म्या सुनांचं माहेर पलीकडे. मुक्त शाळेच्या दहावीच्या परीक्षेचा पहिला दिवस होता. सकाळी ठाण्याच्या अंगणात हजेरी चालू असताना फोन आला.

फोन करणारा त्याच भागातल्या एका गावातला होता. आवाज दबका, पण माहिती पक्की. "सायेब, आमच्या गावात ते गरिबायची लेकरं शिकवणारी संस्था हाये ना, ते डमी बाई बसवून राह्यली परीक्षेले. हॉल तिकिटावर दुर्गा नाव हाये. आमच्या गावात दुर्गा नावाची बाईच नाई."

त्याचं नाव विचारून मी फोनची नोंद स्टेशन डायरीत केली आणि महिला शिपायाला घेऊन परीक्षा केंद्रावर गेलो. खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. संस्था म्हटली की मला आधी संशय यायचा. ही संस्था एका निवृत्त शिक्षिकेनं सुरू केलेली. गावातल्या रिकाम्या गोदामात त्यांचा वर्ग चाले. गरिबाघरच्या लेकरांची फी, दप्तर, पुस्तकं संस्था द्यायची आणि बदल्यात एकच अट घालायची. लेकराच्या आईनं रोज दुपारी दोन तास स्वतः वर्गात बसायचं. आईनं वर्ग सोडला, तर लेकराची मदत बंद. ही अट ऐकून मी एकदा म्हणालो होतो, "फुकट कोणी देत नाही, यात काहीतरी गोम आहे." ती गोम आज सापडली असं वाटलं.

केंद्रप्रमुख तेलुगू होते. त्यांनी हॉल तिकीट आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. "पेरू वेरे, सर," ते म्हणाले, म्हणजे नावच वेगळं. हॉल तिकिटावर दुर्गा आणि पुढे वडिलांचं नाव. आधारवर सुनीता आणि पुढे नवऱ्याचं नाव. फोटो त्याच बाईचे वाटत होते, पण अर्ज भरताना फोटो बदलणं काही अवघड नसतं.

त्यांच्याच खोलीत, महिला शिपायासमोर, मी तिची चौकशी केली. चौतीस वर्षांची, हातावर कापूस वेचल्याचे ओरखडे, नजर जमिनीवर.

"नाव काय तुझं?"

तिनं पदर सावरला. मी आवाज चढवला. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "कोन्तं सांगू, सायेब?"

आमच्या खात्यात हा प्रश्न विचारणारा माणूस सराईत समजला जातो. आमच्या दफ्तरात 'ऊर्फ' फक्त गुन्हेगारांच्या नावापुढे असतं. मी वहीत तसंच लिहून घेतलं.

"दोन्ही माहीच हायेत," ती म्हणाली. "एक मायबापानं ठेवलेलं, एक लग्नात सासरच्यायनं ठेवलेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आधीचं हाये, म्हून फारम त्याच नावानं भरला."

"पुरावा काय?"

दाखला पलीकडच्या गावातला, सातवीचा. त्यावर फोटो नसतो. आईवडील वारलेले, भाऊ कामाला दूर निघून गेलेला. लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण खोटं बोलणाऱ्याकडेही तयार गोष्ट असतेच, आणि पोलिसाला गोष्ट चालत नाही, कागद लागतो. तांदळात अंगठीनं लिहिलेल्या नावाची नोंद कुठल्या दफ्तरात सापडणार?

मग ती रडली. गावच्या अंगणवाडीत एक जागा निघाली होती. दहावी पास हवी आणि वय पस्तिशीच्या आत. पुढच्या परीक्षेपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. "दोन वर्सं बसली मी त्या वर्गात, सायेब. पेपर तं लिहू द्या."

केंद्रप्रमुख तिला लगेच बाहेर काढायला निघाले होते. मी म्हणालो, पेपर लिहू द्या, उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात सील करा. उद्याच्या पेपरआधी मी लेखी कळवतो. तोवर पुरावा मिळाला नाही तर गुन्हा दाखल, बाई परीक्षेतून बाद आणि संस्थेला टाळं. दया म्हणून नव्हे, केस मजबूत व्हावी म्हणून मी असं केलं. हे आज कबूल करतो.

दुपारी गावात गेलो. चावडीवर बसून सरपंच, उपसरपंच, दुकानदार, चार म्हातारे, सगळ्यांना विचारलं. दुर्गा? नाही बुवा. सुनीता? हो, अमक्याची बायको, गरीब बाई. सात माणसांचं एकच उत्तर आलं. मला वाटलं, केस उभी राहिली.

संध्याकाळी घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं. केस सुटत आली की मी घरी थोडा फुशारकीनं बोलतो, तसा बोललो. तिनं शांतपणे ऐकलं, पोळी तव्यावरून माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "मग उद्या जाताना मलाही बेड्या घालून न्या. माझ्या दहावीच्या कागदावर काय नाव आहे, आठवतं का?"

आठवलं, पण आठवायला वेळ लागला. ते नाव मीच पुसलं होतं. भर मांडवात, तांदळाच्या ताटात, मोठ्या हौसेनं नवं लिहून. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सरकारी जीपमधून घातला होता. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण बायकोचं नाव बदललं, म्हणून त्या बाईचंही बदललं असणार, असं कोर्टात सांगता येत नाही. पुरावा अजून नव्हताच.

सकाळी सात वाजता ठाण्यात पोचलो तर अंगणात बायका बसलेल्या. अकरा जणी वर्गातल्या, बारावी एक म्हातारी आणि सोबत त्या निवृत्त शिक्षिका. दोन ऑटो करून आल्या होत्या. मी कोणालाही बोलावलं नव्हतं. कापूस वेचायचा सोडून आल्या होत्या, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवून. त्यांच्याकडे पाहताना मला पहिल्यांदा कळलं की गावभर मी फक्त पुरुषांना विचारलं होतं.

म्हातारी पुढे झाली. ती सुनीताची सासू होती.

"काल तुमी गावात आलते, तं माणसायलेच इचारून गेले," ती म्हणाली. "आमाले काऊन नाई इचारलं?"

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सुनेचं नाव म्याच बदललं. माह्या नणंदेचं नाव दुर्गा होतं, आता वारली ते. तिले हाक मारली तं सून उठन, सुनेले रागावलं तं नणंद रुसन. म्हून पोराले तांदळात सुनीता लिवाले लावलं. लिहा तुमी, म्या अंगठा देतो."

शिक्षिका बाईंनी पिशवीतून एक जाड रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. वर्गाची दोन वर्षांची हजेरी. अर्ज दाखल्यावरच्या नावानं भरायचा, म्हणून बाईंनी पहिल्या दिवसापासून हजेरीही माहेरच्या नावानं घेतली होती. मी पानं उलटू लागलो. सुरुवातीच्या पानांवर निम्म्या जणींचे निळे अंगठे. मी आयुष्यभर अंगठे पाहिले, पण गुन्हेगारांचे. इथं पान उलटावं तसे अंगठे कमी होत गेले. अंगठ्याच्या जागी वाकडी अक्षरं आली, मग जरा सरळ, मग पुरी सही. शेवटच्या पानावर एकही अंगठा नव्हता. आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, रोज, एकाच वळणात एक सही होती, दुर्गा. परीक्षा केंद्रावरून आणलेल्या कालच्या हजेरीपत्रकाच्या प्रतीवरची सही मी शेजारी ठेवली. तेच वळण, द चा तोच फाटा. खोटेपणा करणारा दोन-चार दिवसांचा कागद तयार करतो. दोन वर्षं रोज दुपारी कोणी खोटं लिहीत नाही.

हेड कॉन्स्टेबल जबाब लिहायला बसला. एकेकीनं उठून दोन्ही नावं सांगितली, आधी माहेरचं, मग सासरचं. कोणी लाजली, कोणी ताठ मानेनं बोलली. एक तर नाव सांगून स्वतःच हसली. सातव्या बाईच्या नवऱ्याचं नाव ऐकून मी मान वर केली. काल सकाळी फोन करणारा तोच होता. अंगणवाडीची जागा त्याला आपल्या भावजयीसाठी हवी होती, हे मागाहून कळलं. आणि त्याची स्वतःची बायको माझ्यासमोर उभी राहून गावात दुर्गा आहे अशी साक्ष देत होती. खबऱ्याचं नाव सांगायचं नाही हा आमचा नियम. मी मान खाली घातली.

शेवटी सासूचा जबाब. हेड कॉन्स्टेबलनं सवयीनं विचारलं, "आणि आजी, तुमचं माहेरचं नाव?"

मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं, ओठ हलले, पण आवाज फुटेना. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते नाव कोणी घेतलं नव्हतं. मग तिनं ते सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, बदलूनही लिहीत नाही. हेड कॉन्स्टेबलनं टोपी काढून टेबलावर ठेवली. सून त्या वर्गात जाते म्हणून सुरुवातीला भांडलेली ही बाई, असं मला नंतर कळलं.

"आता हे कागदावर राहीन का, सायेब?" तिनं विचारलं.

"राहील, माय," मी म्हणालो. ठाण्यातलं कपाट इतकं मोलाचं आहे असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जबाब आणि रजिस्टर घेऊन मी स्वतः केंद्रावर गेलो. तक्रारीत तथ्य नाही, असं लेखी दिलं, सील केलेली उत्तरपत्रिका बाकीच्यांत घालायला सांगितली. सुनीता गेटबाहेर हॉल तिकीट छातीशी धरून उभी होती. "जा ताई, तुमचा पेपर आहे," एवढंच म्हणालो. काल मी तिला अगं-तुगं केलं होतं. त्याची माफी मागायची राहिलीच. ती पळतच आत गेली. दहावी पास झाली आणि जागाही तिलाच मिळाली.

नाव विचारणं हा चौकशीतला सगळ्यात सोपा प्रश्न, असं मी समजत होतो. अख्ख्या घराला शिकवायचं म्हणून एक शिक्षिका लेकरांच्या आयांना वर्गात बसवते आणि त्या बसतात. शेतावरून येऊन, हात धुऊन, रोज दोन तास. ज्या नावानं त्यांच्यातली एक शिकली ते नाव वाचवायला बारा जणी पोलिस ठाण्याची पायरी चढतात. त्यांच्यासमोर मी फार लहान माणूस होतो. हे मला त्या सकाळी कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

निवृत्तीनंतर जैनथला एका लग्नाला गेलो होतो. वाटेत त्या गावी थांबलो. बायकोनं अंगणवाडीच्या मुलांसाठी पाट्या पाठवल्या होत्या. सुनीतानं मला ओळखलं, पाणी दिलं आणि भेट आलेल्या वस्तूंची वही उघडली. पेन हातात धरून विचारलं, "पाट्या बाईसायबाच्या ना? नाव काय लिहू त्यायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "कोणतं सांगू?"

ती डोळे पुसत हसली. "दोन्ही सांगा, सायेब. जागा हाये वहीत."